गोबरगॅसला बुरशीची जोड: पाचट आणि भुसकटातून गॅस काढण्याची पद्धत

कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात गोबरगॅसच्या टाक्या भरपूर आहेत, पण दावणीची जनावरं कमी झाली. टाकी पाच-सहा जनावरांच्या हिशोबाने बांधलेली आणि शेण दोन म्हशींचं, अशी गत. चहा होतो, भाकऱ्या होत नाहीत. त्याच वेळी बांधाला पाचट, सोयाबीनचं भुसकट, मक्याची धाटं पडून असतात. ती टाकीत घातली की गॅस वाढेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ती तरंगून वर बसतात आणि वरचा थर घट्ट होऊन गॅस आहे तोही अडतो. मग कुणीतरी एन्झाइमची, म्हणजे मोठे रेणू फोडणाऱ्या प्रथिनांची, पावडर सुचवतं, 'दुप्पट गॅस'वाली. आमच्याकडे दीनबंधू पद्धतीची, म्हणजे पक्क्या घुमटाची, टाकी आहे. या सगळ्या वाटेने जाऊन जे हाती लागलं ते क्रमाने मांडतो. एन्झाइमचा उपयोग होतो, पण ठरावीक मालाला आणि ठरावीक जागी.

१. आधी बघा, तुमचं अडलंय कुठे

शेणाचा गॅस होतो तो चार टप्प्यांत. आधी मोठे घटक फुटून साखर आणि इतर बारीक रेणू होतात, मग त्यांची आम्लं, त्यातून व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन, आणि शेवटी मिथेन. बुरशीची एन्झाइम मदत करतात ती फक्त पहिल्या टप्प्याला. म्हणून तुमचा माल कुठल्या टप्प्यावर अडतो हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

शिळा भात, भाकरी, सडकी केळी, बटाट्याची सालं असा पिठूळ-गोड माल असेल तर पहिला टप्पा आपोआप झपाट्याने होतो. फलटणला केंद्र असलेल्या 'आरती' संस्थेची स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारी छोटी बायोगॅस टाकी याच गुणावर उभी आहे. तिला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. अशा मालात एन्झाइम घातलं तर उलट आम्लं जास्त वेगाने तयार होतात, मिथेनचे जंतू मागे पडतात आणि टाकी आंबते. हॉटेलचा ओला कचरा टाकणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

पाचट, भुसकट, धाटं, नेपियर गवत, बगॅस (उसाचा चोथा) यांचं वेगळं आहे. त्यातलं सेल्युलोज म्हणजे विटा आणि लिग्निन म्हणजे त्यांच्यामधलं सिमेंट. हवा नसलेल्या टाकीत लिग्निन जवळजवळ तसंच राहतं आणि जंतूंना विटांपर्यंत पोचू देत नाही. एन्झाइमची गरज आहे ती इथे.

२. बुरशी टाकीच्या बाहेर, जंतू टाकीच्या आत

बहुतेक लोक चुकतात ते इथेच. ट्रायकोडर्मा या बुरशीची पिशवी फोडली आणि शेणकाल्यात ओतली! ट्रायकोडर्माला हवा लागते. टाकीत हवा नाही, त्यामुळे ती तिथे वाढत नाही.

'बुरशी मरू दे, तिचं एन्झाइम तर काम करेल' असं कुणी म्हणेल. तेही फारसं जमत नाही. ट्रायकोडर्माचं सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज फोडणारं एन्झाइम, सर्वात जोमाने चालतं ते साधारण ५ सामूला (पीएच) आणि ५० अंशांच्या आसपास. चांगल्या टाकीचा सामू ७ च्या जवळ असतो आणि आपल्याकडे टाकीचं तापमान ऋतूप्रमाणे पंचवीस-तीसच्या आगेमागे राहतं. शिवाय एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि टाकीतले जंतू प्रथिन खातात. महागाची पावडर त्यांचाच खुराक होते.

हवेशिवाय जगणाऱ्या बुरशीही आहेत, गाई-म्हशींच्या कोठीपोटात. १९७५ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिलं की तोवर जे एकपेशीय प्राणी समजले जात होते ते खरं तर बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत. वैरण फोडण्यात त्या तरबेज. पण त्या प्रयोगशाळेतसुद्धा नाजूक असतात. गावात त्यांचं कल्चर सांभाळणं आपल्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा बुरशी हवेत वाढवायची, तिच्याकडून माल फोडून घ्यायचा, आणि सुटलेलं गोडसर पाणी टाकीला द्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

३. कोणती बुरशी घ्यायची

ट्रायकोडर्मा. सर्वात सोपी. मर, कंदकूज अशा रोगांसाठी आले, हळद, हरभऱ्याला वापरतो तीच. कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत पेशी असल्याचा उल्लेख बघा, आणि पक्कं बिल घ्या. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. बोरगाव, काळवडे किंवा कांचनपूर यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा. जाता जाता: या बुरशीच्या ज्या जातीपासून आजची औद्योगिक सेल्युलेज आली, ती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान कुजवत होती. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज, तेव्हा तिची ताकद कळते.

धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) उतरलेली बेडं. माझ्या मते नवख्यासाठी हीच सर्वात उत्तम. धिंगरी ही थेट लिग्निनवर हल्ला करणारी बुरशी. ट्रायकोडर्माला ते फारसं जमत नाही. दोन-तीन तोडे झाल्यावर उत्पादक बेडं टाकून देतात. त्यातलं भुसकट अर्धवट फुटलेलं असतं आणि एन्झाइमही शिल्लक असतात. पैसे मोजावे लागलेच तर फक्त वाहतुकीचे. पण घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: 'काड निर्जंतुक कशाने केलं?' गरम पाण्याने किंवा वाफेने म्हणाले तर घ्या. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिनच्या पाण्यात भिजवलं असेल तर निदान ट्रायकोडर्माच्या गादीत (पायरी ५) ते मिसळू नका. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं.

ॲस्परजिलस. उद्योगात हिचा मोठा वापर आहे आणि ट्रायकोडर्माच्या सेल्युलेजमध्ये जो भाग कमी पडतो तो ही भरून काढते. तरीही घरी वाढवू नका. तिच्याच कुळातली, भुईमुगावर आणि मक्यावर येणारी पिवळसर हिरवी बुरशी अफलाटॉक्सिन हे विष बनवते आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखण्यावर भरवसा ठेवता येत नाही. बीजाणू छातीत गेले तर दमेकऱ्याला फार त्रास होतो.

तयार सेल्युलेज. इचलकरंजीकडे सुती कापडाची लव काढायला हेच एन्झाइम वापरतात, त्यामुळे आपल्या भागात ते मिळणं अवघड नाही. आम्ल आणि उदासीन असे दोन प्रकार येतात, कोणता आहे ते विचारून घ्या. कापडासाठीच्या मिश्रणात इतर रसायनंही असू शकतात. नुसतं एन्झाइम मागा. छोट्या चाचणीला ठीक आहे, रोजच्या वापराला घरगुती टाकीचा हिशोब बसत नाही.

४. लागणारं सामान

- कडबाकुट्टी, किंवा कोयता आणि चिकाटी
- झाकणाचे २०० लिटरचे दोन पिंप, त्यातला एक काळा
- गव्हाचा कोंडा
- गोणपाट किंवा शेडनेटचे तुकडे, गाळायला आणि झाकायला
- ४ ते ९ सामू दाखवणाऱ्या पट्ट्या
- १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर
- ताणकाटा
- चुना
- एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे
- वही. ही सगळ्यात महत्त्वाची.

५. बुरशीची गादी

पाचट एक इंचाच्या आत कुट्टी करा. जितकं बारीक तितकं बरं, कारण एन्झाइमला पृष्ठभाग लागतो. दहा किलो कोरडी कुट्टी पिंपात भरा, वरून उकळतं पाणी ओता, झाकण लावून तासभर ठेवा आणि निथळून थंड करा. यात सगळे जंतू मरत नाहीत, पण आपल्या बुरशीला पुढे पळायला जागा मिळते.

त्यात एक किलो कोंडा आणि शंभर ग्रॅम ट्रायकोडर्मा चांगला मिसळा. माल मुठीत दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. सावलीत, अर्ध्या फुटाच्या थरात पसरा आणि ओल्या गोणपाटाने झाका. थर जाड झाला तर मधोमध उष्णता कोंडते. हात घातल्यावर चटका लागला तर थर पातळ करा. २५ ते ३० अंश हे तिचं आवडतं तापमान.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पांढरी जाळी दिसते. पुढे ती हिरवी होऊ लागते. सगळी गादी गर्द हिरवी होईपर्यंत थांबू नका. हिरवेपणा म्हणजे बीजाणू, आणि तोवर बुरशीने तुमच्या मालातला बराच ऐवज स्वतःच खाल्लेला असतो. पांढऱ्यावर हिरव्याची झाक आली, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, की गादी उचला. 'जास्त दिवस कुजवलं तर जास्त गॅस' हा समज कंपोस्टवरून आलाय. इथे तो उलटा पडतो, कारण कुजताना हवेत गेलेला कार्बन टाकीत येत नाही.

काळी चिकट बुरशी, सडका वास किंवा माशा दिसल्या तर गादी उकिरड्यावर टाका आणि नवी लावा. उचलताना मास्क हवाच. मुलांना आणि दमेकऱ्यांना लांब ठेवा.

धिंगरीची बेडं वापरत असाल तर ही पायरी गाळा. पिशवी फाडा, बेड कुस्करा आणि थेट पुढे चला.

६. पिंपात एक दिवस

गादी काळ्या पिंपात घाला, वर सत्तर-ऐंशी लिटर कोमट पाणी ओता आणि पिंप उन्हात ठेवा. आतलं पाणी ४५ ते ५० अंशांवर राहावं. या उष्णतेला बुरशीची वाढ थांबते पण एन्झाइम मात्र जोरात चालतं, म्हणजे सुटलेली साखर खायला बुरशी उरत नाही. साठीच्या वर मात्र जाऊ देऊ नका, एन्झाइमही निकामी होईल. सामू ५ ते ५.५ असावा, बहुधा तो आपोआप तिथे येतो, जास्त असेल तर थोडं आंबट ताक चालतं. दिवसातून दोन-तीनदा ढवळा.

चोवीस तासांनी, फार तर दीड दिवसाने, गोणपाटातून गाळा. याहून जास्त ठेवलं तर रानटी जंतू साखर फस्त करतात.

आता शेण कालवताना आपण जितक्यास तितकं पाणी घालतो, त्या पाण्याच्या जागी हे पाणी वापरायचं. म्हणजे टाकीचं वेळापत्रक बदलत नाही, जास्तीचं पाणी आत जात नाही आणि तंतूही जात नाहीत.

चोथ्यात अजून बराच ऐवज असतो, पण दीनबंधू टाकीत तो घालू नये असं मी ठामपणे सांगतो. घुमटाखाली जमलेला तंतूंचा थर काढायला शेवटी टाकी उपसावी लागते. खादी ग्रामोद्योगच्या पद्धतीची, लोखंडी ड्रम तरंगणारी टाकी असेल तर ड्रम फिरवून थर मोडता येतो. तिथे बारीक चोथा थोडा थोडा घालून बघायला हरकत नाही. एरवी तो गांडूळखताला द्या.

७. मोठ्या टाकीआधी कॅनवर चाचणी

ही पायरी सगळे टाळतात, आणि विकणाऱ्यांचं फावतं ते त्यामुळेच. वीस लिटरचे सारखे कॅन घ्या. प्रत्येकात चालू टाकीच्या बाहेरच्या कुंडीतली, गाळलेली १२ लिटर स्लरी (पचून बाहेर आलेला शेणकाला) भरा. मग असं करा:

- पहिल्यात नुसती स्लरी.
- दुसऱ्यात स्लरी, १५० ग्रॅम कच्चं कोरडं पाचट आणि १५ ग्रॅम कोंडा.
- तिसऱ्यात तेवढ्याच कच्च्या पाचट-कोंड्यापासून तयार केलेली गादी, पाण्यासकट सगळी.

वजन बुरशी लावण्याआधीचं धरायचं, नंतरचं नाही. बुरशीने खाल्लेला भाग हा तोटा आहे आणि तो हिशोबात आला पाहिजे. तयार गादीचे १५० ग्रॅम मोजून घातले तर आकडा फुगून येतो.

बाजारातली पावडर तपासायची असेल तर आणखी दोन कॅन लावा. दोन्हींत कच्चं पाचट; एकात पावडर तशीच, दुसऱ्यात तेवढीच पावडर थोड्या पाण्यात वीस मिनिटं उकळून, पाण्यासकट. उकळल्यावर एन्झाइम मरतं. दोन्हींतून सारखाच गॅस आला तर फरक एन्झाइमचा नव्हता. पावडरीतल्या कोंड्याचा, गुळाचा किंवा स्टार्चचा होता. त्यासाठी पावडर कशाला, घरचा कोंडा आहे की.

झाकणातून बारीक नळी काढा, सांधे पक्के करा आणि नळी पाण्याच्या बादलीत उलट्या, पाण्याने भरलेल्या कॅनमध्ये सोडा. जितकं पाणी खाली उतरेल तितका गॅस. रोज एकाच वेळी मोजा आणि त्या वेळचं तापमानही लिहा. महिनाभर चालू द्या. पहिल्या आठवड्यात गादीचा कॅन पुढे दिसणारच, कारण फुटलेला माल लवकर पचतो. खरा प्रश्न महिन्याच्या शेवटी एकूण किती निघाला हा आहे. फक्त वेग वाढला असेल तरी उपयोग आहे, पण 'दुप्पट'ची भाषा मग बंद करायची.

हे कॅन बंद खोलीत ठेवू नका आणि जवळ काडी ओढू नका.

८. मोठ्या टाकीत चढतं प्रमाण

दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. माल आत सुमारे चाळीस दिवस राहतो. म्हणजे आज केलेला बदल पुरता दिसायला महिना-सव्वा महिना जातो. पहिला आठवडा रोज फक्त पाच लिटर गोड पाणी द्या, मग दहा, मग वीस. शेण पूर्ण बंद कधीच करू नका. मिथेनचे जंतू आणि आम्ल सावरणारा क्षार शेणातूनच येतो.

बाहेरच्या कुंडीतल्या स्लरीचा सामू आठवड्यातून दोनदा बघा. ६.८ ते ७.५ असेल तर निर्धास्त राहा. ६.५ च्या खाली आला, आंबूस वास सुटला, किंवा गॅस भरपूर पण शेगडीवर पेट घेत नाही असं झालं तर टाकी आंबली. गोड पाणी बंद करा आणि काही दिवस फक्त शेण द्या, तेही कमी. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, एकदम बादलीभर नाही.

टाकीत उतरायचं नाही, वाकून बघायचंही नाही. आतल्या वायूने माणूस आवाज न करता पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. गॅस आला का हे शेगडीवर बघायचं, टाकीच्या तोंडाशी काडी लावून नाही.

९. आपल्या भागातले खास सापळे

द्राक्षबागेची छाटणी आणि पानं: तासगाव, मिरज, पलूसकडे ही ढिगाने मिळते, पण तिच्यावर बोर्डो मिश्रण मारलेलं असतं. मोरचुदातलं तांबं ट्रायकोडर्मालाही नको आणि मिथेनच्या जंतूंनाही. इतर बुरशीनाशकांचंही तेच. बुरशी मारायला फवारलेल्या पानावर बुरशी वाढवायला निघणं म्हणजे स्वतःशीच भांडण.

बेदाण्याच्या शेडमधला कचरा: गंधकाची धुरी दिलेली असेल तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वाढतो आणि शेगडी गंजते.

लिंबू, मोसंबी, संत्र्याची सालं: त्यातलं तेल जंतूंना मारक. रसवंतीवाल्याचा चोथा घेताना त्यात लिंबं किती आहेत ते बघा.

हिवाळा: डिसेंबर-जानेवारीत रात्री टाकी थंड पडते आणि गॅस आपोआप उतरतो. या काळात सुरुवात केली तर दोष एन्झाइमला द्याल. फेब्रुवारी-मार्च उत्तम, ऊनही पिंप तापवायला पुरतं आणि तोडीनंतर पाचटही ताजं मिळतं. पाटण, जावळीच्या पावसात काळं पिंप तापत नाही. तिथे पावसाळ्यात हा उद्योग बंद ठेवलेला बरा.

१०. नवी टाकी बांधणार असाल तर

अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. सहसा आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि आठ-अ, फोटो, जनावरं असल्याचा दाखला आणि बांधकामाचे फोटो लागतात. रक्कम आणि यादी बदलत असते, म्हणून खड्डा खणण्याआधीच मंजुरी घ्या. बांधून झाल्यावर अर्ज केला तर अडचण येते. अर्जात एन्झाइम, बुरशी वगैरे काही लिहू नका. अनुदान टाकीला असतं, आणि टाकी शेणाच्या हिशोबानेच मोजतात.

११. स्लरीबद्दल एक खुलासा

'ट्रायकोडर्मा वापरल्याने स्लरीही ट्रायकोडर्मायुक्त होते' असं पाकिटांवर आणि मोबाइलवर फिरतं. चाळीस दिवस हवेशिवाय राहिल्यावर तिची आशा धरू नका. आल्याच्या किंवा हळदीच्या मुळाशी ट्रायकोडर्मा हवी असेल तर स्लरी सावलीत सुकवून, ओलसर असताना तिच्यात नवं कल्चर मिसळा आणि गोणपाटाखाली आठवडाभर ठेवून मग शेतात टाका. बाजूला काढलेला चोथाही त्याच ढिगात जातो.